बेअरिंगांचा कॅटलॉग: ऑन्टॉलॉजीत काय ठेवावे आणि रूल इंजिनात काय?

प्रश्न: भोसरीकर

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीतल्या एका औद्योगिक सामान पुरवणाऱ्या पेढीच्या माहितीप्रणालीचे काम सध्या माझ्याकडे आहे. बेअरिंग, नट-बोल्ट, ऑइल सील, व्ही-बेल्ट असा वरकड वाटणारा पण सतत खपणारा माल पेढीत असतो आणि तो अनेक उत्पादकांकडून येतो. कोणी एक्सेल पाठवतो, कोणी पीडीएफ, तर कोणाची अजूनही छापील किंमतपत्रिकाच येते.

अडचण कशी आहे ते एका नगावरून सांगतो. ६२०५ हे डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग घ्या. आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५; ही मापे आयएसओच्या मानकाने ठरलेली असल्यामुळे कोणत्याही चांगल्या उत्पादकाकडे ती तशीच मिळतात. मात्र क्रमांकामागची शेपटी प्रत्येकाची निराळी असते. दोन्ही बाजूंना पत्र्याची शील्ड असेल तर एसकेएफ २झेड लिहिते आणि एनएसके झेडझेड लिहिते. रबरी सील असेल तर एसकेएफचे २आरएसएच, एनएसकेचे डीडीयू आणि एनटीएनचे एलएलयू. आतला क्लिअरन्स (गोळ्या आणि रिंगा यांच्यातली मोकळी जागा) नेहमीपेक्षा मोठा असेल तर शेवटी सी३ लागते. व्यास कोणी ‘२५ एमएम’ लिहितो, कोणी ‘२५.०००’, आणि एका यादीत तर तो ०.९८४३ इंच असा आहे. कोणते कशाच्या जागी देता येईल, हे ज्ञान आजवर काउंटरवरच्या दोन-तीन जुन्या माणसांच्या डोक्यात होते आणि ती माणसे आता निवृत्तीला आली आहेत.

माझा बेत असा आहे की प्रोटेजे हा संपादक वापरून ओडब्ल्यूएल या ज्ञानमांडणीच्या भाषेत ऑन्टॉलॉजी, म्हणजे वस्तू, त्यांचे वर्ग आणि परस्परसंबंध यांची संगणकाला वाचता येणारी मांडणी, उभारावी, सर्व उत्पादकांचा माल तीत आणावा आणि जे नग परस्परांच्या जागी चालतात ते सेम-अ‍ॅज या संबंधाने जोडावेत. किंमत, सवलत, पर्यायी माल सुचवणे आणि बिलावरचा एचएसएन (करासाठीच्या मालवर्गाचा) क्रमांक ही कामे ड्रूल्स या रूल इंजिनाकडे, म्हणजे ‘जर-तर’ नियम चालवणाऱ्या प्रणालीकडे, द्यावीत. कार्यालयातील एका सहकाऱ्याचे म्हणणे मात्र असे आहे की ऑन्टॉलॉजीचा खटाटोप हवाच कशाला, सगळे नियमांत लिहिता येते. शिवाय काही मोठ्या ग्राहकांचे खरेदी विभाग आमच्या मालाची माहिती त्यांच्या वर्गीकरणानुसार मागू लागले आहेत, त्यामुळे जे उभारू ते बाहेर देता येण्याजोगेही हवे. सीमारेषा कोठे आखावी, याविषयी ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: त्रिपदी

आराखडा पुढे नेण्याआधी सेम-अ‍ॅज त्यातून काढून टाका. या संबंधाचा अर्थ ‘सारखे’ असा नसून ‘ही दोन नावे एकाच वस्तूची आहेत’ असा आहे, आणि रीझनर, म्हणजे ऑन्टॉलॉजीवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम, तो अर्थ अक्षरशः घेतो. समजा, आपण ‘उत्पादक’ ही प्रॉपर्टी (गुणधर्म) फंक्शनल घोषित केली, म्हणजे एका मॉडेलला एकच उत्पादक असू शकतो असे सांगितले, आणि एसकेएफचे ६२०५-२झेड व एनएसकेचे ६२०५झेडझेड सेम-अ‍ॅजने जोडले. रीझनर तक्रार करणार नाही. एकाच वस्तूला दोन उत्पादक दिसतात आणि उत्पादक तर एकच असू शकतो, त्या अर्थी एसकेएफ आणि एनएसके ही एकाच कंपनीची दोन नावे असली पाहिजेत, असा निष्कर्ष तो काढेल. ओडब्ल्यूएलमध्ये वेगळी नावे म्हणजे वेगळ्या वस्तू असे गृहीत धरलेले नसते. या एका जोडणीमुळे एसकेएफचा सारा माल एनएसकेचाही होऊन बसतो.

आकड्यांच्या बाबतीत परिणाम आणखी वाईट होतो. ६२०५ चे डायनॅमिक लोड रेटिंग (फिरताना भार पेलण्याची क्षमता) एका कॅटलॉगात १४.८ किलोन्यूटन आढळते आणि दुसऱ्यात १४. ही प्रॉपर्टीही फंक्शनल असेल तर संपूर्ण ऑन्टॉलॉजी विसंगत ठरते आणि विसंगत ऑन्टॉलॉजीतून वाटेल ते सिद्ध होत असल्यामुळे रीझनरचा काही उपयोगच उरत नाही.

याऐवजी शेपटी उकलून तिची प्रॉपर्टींमध्ये फोड करा: आकारश्रेणी, झाकणाचा प्रकार (उघडे, शील्ड, स्पर्श करणारे रबरी सील), झाकण एका बाजूला की दोन्ही बाजूंना, क्लिअरन्सचा गट. मग ‘६२०५, दोन्ही बाजूंना शील्ड, क्लिअरन्स सी३’ असा एक वर्ग या प्रॉपर्टींच्या मूल्यांवरून व्याख्येने बांधा. ज्या मॉडेलची मूल्ये जुळतील ते मॉडेल, मग ते कोणत्याही कंपनीचे असो, रीझनर स्वतःहून त्या वर्गात नेऊन ठेवतो. नवा उत्पादक आला की त्याच्या शेपटीचा तक्ता तेवढा भरायचा, जोड्या जुळवत बसायचे नाही. ऑन्टॉलॉजीवर केलेला खर्च वसूल होतो तो या ठिकाणी.

दुसरी गोष्ट, मॉडेल, प्रत्यक्ष नग आणि विक्रीचा प्रस्ताव या तीन वेगळ्या वस्तू ठेवा. मार्टिन हेप यांनी २००८ साली मांडलेल्या गुड-रिलेशन्स या खरेदी-विक्रीच्या ऑन्टॉलॉजीचे बलस्थान हेच होते, आणि २०१२ मध्ये ती स्कीमा-डॉट-ऑर्ग या वेबपानांवरील माहितीच्या सामाईक शब्दसंग्रहात सामावली गेली तेव्हा हा भेदही सोबत गेला. लोड रेटिंग मॉडेलचे असते, बॅच क्रमांक नगाचा असतो, आणि किंमत ना मॉडेलची असते ना नगाची. ती अमुक विक्रेत्याने अमुक मुदतीसाठी दिलेल्या प्रस्तावाची असते. किंमत बेअरिंगलाच चिकटवली की दुसऱ्या शाखेचा दर येताच सगळे कोलमडते.

मापांसाठी आकडा आणि एकक वेगळे साठवा. एककांसाठी क्यूयूडीटी ही तयार ऑन्टॉलॉजी उपलब्ध आहे. मात्र तुलना करताना थोडी सूट ठेवावी लागेल, कारण ०.९८४३ इंचांचे मिलिमीटर केले की बरोबर २५ येत नाहीत.

राहता राहिली त्रुटी शोधण्याची बाब. ‘प्रत्येक बेअरिंगला निदान एक लोड रेटिंग असते’ असे ओडब्ल्यूएलमध्ये लिहिले आणि एखाद्या नगाचे रेटिंग भरायचे राहिले, तर रीझनर गप्प बसतो. रेटिंग कोठेतरी असेल, मला ते अजून कळलेले नाही, एवढाच तो अर्थ घेतो. रिकाम्या रकान्यांची यादी हवी असेल तर त्यासाठी शॅकल ही माहिती तपासण्याची भाषा वापरा. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने जुलै २०१७ मध्ये संमत केलेले हे मानक नेमके याच कामासाठी आहे. पुरवठादाराची फाइल आली की आधी शॅकलच्या चाळणीतून काढायची आणि तीत जे अडकेल ते त्याच दिवशी त्याला परत पाठवायचे.

उत्तर २: जरतर

त्रिपदी यांनी सांगितलेल्या गोष्टींशी बव्हंशी सहमत आहे. मात्र आपल्या सहकाऱ्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, म्हणून नियमांच्या बाजूने थोडे लिहितो.

६२०५ मधल्या ०५ ला पाचने गुणले की आतला व्यास २५ मिमी मिळतो, हे काउंटरवरच्या पोरालाही ठाऊक असते. ओडब्ल्यूएलला हा साधा गुणाकार येत नाही. त्यातच ही रीत ०४ पासून पुढे लागू पडते. ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७ मिमी. शिवाय ६२/२२ सारख्या क्रमांकात तिरक्या रेघेपुढे थेट व्यासच लिहिलेला असतो. सर्वसाधारण नियम आणि त्याला छेद देणारे अपवाद ही मांडणी ओडब्ल्यूएलच्या तर्काला मानवत नाही, कारण तेथे एकदा निघालेला निष्कर्ष नवी माहिती आली म्हणून मागे घेतला जात नाही. ड्रूल्समध्ये अपवादाच्या नियमाला अग्रक्रम दिला की काम भागते.

तरीही सगळेच नियमांत लिहू नये. या क्षेत्रातले जुने उदाहरण एक्सकॉनचे आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्स संगणकांच्या मागणीपत्रांची जुळणी तपासण्यासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉन मॅकडरमॉट यांनी १९७८ पासून ही प्रणाली ओपीएस या नियमभाषेत घडवली. शेकड्यांत असलेले नियम काही वर्षांत हजारांत गेले, आणि ते वेळोवेळी सुधारत राहणे हेच एक मोठे काम होऊन बसले. तिथेही सुट्या भागांची वर्णने नियमांत गुंफलेली नव्हती, ती वेगळ्या डेटाबेसात होती. ती वेगळी नसती तर नियमांचे काय झाले असते, याची कल्पनाच करावी.

आपल्याकडे ही चूक कशी शिरेल तेही सांगतो. ‘जर उत्पादक एनएसके असेल आणि शेपटी डीडीयू असेल, तर झाकण दोन्ही बाजूंना रबरी सील’ असा एक नियम कोणीतरी लिहील, मग एनटीएनसाठी दुसरा, मग एका बाजूच्या सीलसाठी तिसरा. दिसायला हे नियम असले तरी ती वस्तुस्थितीची यादी आहे आणि तिची जागा तक्त्यात आहे. तो तक्ता वाचणारा नियम एकच पुरतो. रूल इंजिनाकडे ठेवायचे ते पेढीचे निर्णय: कोणत्या ग्राहकाला किती सवलत, साठा संपल्यास आधी कोणता पर्याय दाखवायचा, किती रकमेपुढच्या मागणीला मालकांची मंजुरी लागते. हे निर्णय बदलतात, आणि बदलले तरी बेअरिंग तेच राहते.

कराचेही तसेच. बेअरिंग एचएसएनच्या ८४८२ या शीर्षाखाली येते हे स्थिर आहे. दर स्थिर नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी निघाले, तेव्हा ज्यांनी दर थेट नियमांत लिहून ठेवले होते त्यांना प्रत्येक नियम उघडून पाहावा लागला असणार. दर मुदतीसह तक्त्यात ठेवा आणि नियमाने बिलाच्या तारखेवरून तो उचलावा.

आणखी दोन व्यावहारिक सूचना. सवलतीचे आणि मंजुरीचे नियम डीएमएन या निर्णय मांडण्याच्या मानकातील निर्णयतक्त्यांत लिहा. ड्रूल्सला ते चालतात आणि खरेदी-विक्री सांभाळणाऱ्या माणसाला ते स्वतः वाचून तपासता येतात. आणि त्रिपदी रागावणार नाहीत अशी आशा बाळगून म्हणतो की आपल्या आकाराच्या पेढीला प्रत्येक शोधाच्या वेळी रीझनर चालवण्याची गरज नाही. रात्री एकदा वर्गीकरण करून निष्कर्ष पोस्टग्रेस डेटाबेसच्या साध्या तक्त्यात उतरवून ठेवले तर काउंटरवर उत्तर झटपट मिळते.

उत्तर ३: स्टोअरवाले काका

मी संगणकाचा माणूस नाही. एका कारखान्याच्या देखभाल विभागाचे स्टोअर बरीच वर्षे सांभाळले आणि वरची चर्चा समजेल तेवढी वाचली. त्रिपदी यांच्या वर्गात जे एकत्र येतील ते एकमेकांच्या जागी चालतीलच, असे मात्र धरून चालू नका. उलट, वर्गाबाहेरचे पुष्कळदा चालते. कोठे चालवायचे आहे, यावर ते ठरते.

मोटरमध्ये सी३ सांगितलेले असताना साध्या क्लिअरन्सचे बेअरिंग बसवले तर मोटर तापल्यावर आतली रिंग फुगते, जागा उरत नाही आणि बेअरिंग आवळून चालू लागते. म्हणून मोटरसाठी सी३ चांगले, असे ऐकून कोणी तेच मशीनच्या स्पिंडलला लावले, तर तिथे ती ढिलाई कामाच्या अचूकतेच्या मुळावर येते. रबरी सीलचे बेअरिंग धुळीच्या जागी शील्डपेक्षा सरस, पण सील घासत असल्यामुळे त्याची वेगमर्यादा कमी असते; फार वेगाने फिरणाऱ्या शाफ्टला ते देऊ नये. म्हणजे ‘अ’च्या जागी ‘ब’ चालले म्हणून ‘ब’च्या जागी ‘अ’ चालेल असे नाही.

बोल्टचेही ऐका. डीआयएन (जर्मन मानक) ९३३ आणि आयएसओ ४०१७ हे दोन्ही पूर्ण आट्यांचे षट्कोनी बोल्ट, आणि दुकानात ते एकच समजून दिले जातात. एम८ घेतला तर दोन्हींना १३ चा पाना लागतो, एम१६ घेतला तर दोन्हींना २४ चा. पण एम१० ला डीआयएनचे डोके १७ चे आणि आयएसओचे १६ चे. एम१२ ला १९ आणि १८. ज्या फिटरच्या पेटीत १६ चा पाना नाही तो रात्रपाळीला खोळंबतो. एम१६ वर तपासून ‘दोन्ही मानके समान’ असा नियम कोणी लिहिला, तर तो एम१० ला चुकणार.

आणि ८.८ च्या जागी १०.९ ग्रेडचा बोल्ट ‘वरचा आहे, चालेल’ म्हणून आपोआप सुचवू देऊ नका. मुलामा चढवलेल्या जास्त कठीण बोल्टला हायड्रोजनमुळे तडकण्याचा धोका अधिक असतो, आणि आवळण्याचा टॉर्कही निराळा लागतो. आपल्या प्रणालीने ‘चालेल’ आणि ‘चालणार नाही’ यांच्या जोडीला ‘विचारून सांगतो’ हे तिसरे उत्तर द्यायला शिकले पाहिजे, आणि कोणाला विचारायचे तेही तिला माहीत असले पाहिजे.

भोसरीकर

सर्वांचे आभार. काकांनी सांगितले त्यावरून एक नवा पेच दिसतो. पर्याय हा दोन मॉडेलांमधला संबंध राहत नाही, त्यात वापराची जागा हा तिसरा घटक येतो, आणि मान्यता कोणी दिली हा चौथा. आरडीएफमध्ये, म्हणजे ओडब्ल्यूएलच्या मुळाशी असलेल्या माहितीमांडणीत, तर विधान कर्ता, संबंध आणि कर्म एवढ्याच तीन पदांचे असते. हे बसवायचे कसे? आणि ग्राहकांना माहिती देण्याच्या प्रश्नावर अजून कोणी लिहिलेले नाही.

त्रिपदी

पर्यायाला संबंध न मानता स्वतंत्र नोंद माना. ‘पर्याय-नोंद’ असा एक वर्ग करा. त्याच्या प्रत्येक घटकाला मूळ मॉडेल, पर्यायी मॉडेल, वापराचा प्रकार, निर्णय (चालेल, चालणार नाही, विचारावे), मान्यता देणारी व्यक्ती, तारीख आणि कारण अशा प्रॉपर्टी द्या. दिशा यात आपोआप येते, कारण उलट दिशेची नोंद कोणी केल्याशिवाय ती अस्तित्वात येत नाही. निवृत्त होणाऱ्या माणसांसमोर बसून याच नोंदी भरून घ्या. त्यांना ‘नियम सांगा’ म्हटले तर ते गडबडतील, पण ‘पिठाच्या गिरणीला झेडझेड मागितले आणि ते नव्हते, तर तुम्ही काय दिले असते?’ असे विचारले की कारणासकट उत्तर मिळते. रूल इंजिन मग या नोंदी वाचून सुचवेल, आणि नोंद नसेल तर काकांचे तिसरे उत्तर देईल. जरतर यांच्या पोस्टग्रेसच्या सूचनेला माझी हरकत नाही. मूळ प्रत आरडीएफमध्ये राहिली म्हणजे झाले.

बाहेर माहिती देताना वस्तुस्थिती द्या, नियम देऊ नका. नियमांच्या देवाणघेवाणीसाठी डब्ल्यूथ्रीसीने २०१० मध्ये आरआयएफ हे मानक केले होते, पण व्यवहारात ते फारसे रुजले नाही, आणि आपली सवलतीची धोरणे ग्राहकाला दाखवण्याचे कारणही नाही. मोठा ग्राहक युरोपीय मूळ असलेली कंपनी असेल तर बहुधा ईक्लास हे मालाचे वर्गीकरण मागेल. तिथे वर्गीकरणाच्या चार पातळ्या आहेत आणि प्रत्येक प्रॉपर्टीला स्वतःचा स्थिर ओळखक्रमांक आहे, त्यामुळे ‘आतला व्यास’ याला कोण काय म्हणतो हा वाद राहत नाही. त्याचा परवाना मात्र विकत घ्यावा लागतो. अमेरिकी वळणाच्या खरेदी विभागांना यूएनएसपीएससी हवे असते. त्यात प्रॉपर्टी नाहीत, नुसते आठ अंकी वर्ग आहेत, म्हणून ते देणे सोपे आणि त्याचा उपयोगही तेवढाच. संकेतस्थळावर स्कीमा-डॉट-ऑर्गची जेसन-एलडी (यंत्राला वाचता येईल अशी माहिती) ठेवा, आणि त्यात उत्पादकाचा भागक्रमांक व असल्यास जीटीआयएन (बारकोडमधला जागतिक क्रमांक) न चुकता द्या.

या सर्वांशी आपले वर्ग ‘तंतोतंत समान’ म्हणून जोडू नका. स्कॉस या वर्गीकरणांच्या मानकातले ‘जवळचे जुळणारे’ हे नाते पुरेसे आहे, कारण ईक्लासची नवी आवृत्ती आली की वर्ग फुटतात किंवा एकत्र होतात, आणि समानतेची विधाने तेव्हा खोटी पडतात. आपला माल लावून कोणी युरोपात यंत्रे पाठवत असेल तर हे काम लवकर हाती घ्या. तिथल्या २०२४ च्या पर्यावरणपूरक उत्पादनरचनेच्या नियमनाने डिजिटल उत्पादन पासपोर्टची, म्हणजे उत्पादनासोबतच्या डिजिटल माहितीनोंदीची, चौकट घातली आहे. पहिली पाळी बॅटऱ्यांची आहे, विजेच्या वाहनांच्या बॅटऱ्यांना तो १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागेल, पण यंत्रसामग्रीचे खरेदीदार सुट्या भागांची माहिती त्या रूपात आताच विचारू लागले तर नवल नाही.

शेवटी ओळखक्रमांकांविषयी. मॉडेलच्या आयआरआयमध्ये, म्हणजे वेब-पत्त्यासारख्या ओळखनावात, उत्पादकाची शेपटी घालू नका, तिथे अर्थहीन अनुक्रमांकच ठेवा. एसकेएफच्या याच आकाराच्या सीलबंद बेअरिंगला पूर्वी २आरएस१ लिहीत, आता २आरएसएच लिहितात, आणि हा बदल केवळ नावाचा नाही, सीलची रचनाही बदलली आहे. म्हणून जुने मॉडेल पुसून नवे नाव लिहायचे नाही. नव्याला नवा आयआरआय द्यायचा आणि दोन्ही स्कीमा-डॉट-ऑर्गच्या ‘उत्तराधिकारी’ या संबंधाने जोडायची. रॅकवर जुन्या छापाचे खोके शिल्लक असेपर्यंत जुन्या मॉडेलचा प्रस्तावही चालू राहील, आणि ग्राहकाने जुना क्रमांक टाकून शोधले तर त्याला दोन्ही दिसतील.